मेंदूतली वाहतूक आणि आमची नात

मी फरीदाबादहून बोलतोय. मूळचा सातारा जिल्ह्यातला. पदवी घेतली, लष्करात गेलो, आर्मी सर्व्हिस कोरमध्ये नोकरी केली आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो. लेक-जावई इथे नोकरीला आहेत, म्हणून आम्ही दोघंही इथेच स्थायिक झालो. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. तरी आज मेंदूवर बोलणार आहे, कारण गेली दोन वर्षं घरात तोच विषय आहे. लेक आणि जावई यांना विचारूनच बोलतोय. नातीचं नाव मात्र सांगणार नाही. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर ती स्वतः सांगेल.

सुरुवात जिन्यापासून करतो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण संध्याकाळी बागेतून आलं की आजोबा-नातीनं जिन्यानंच वर जायचं, आणि प्रत्येक पायरी मोजायची, असा आमचा नियम. तेव्हा ती पाच वर्षांची होती. बोलायला उशिरा लागली होती, चालही थोडी डुगडुगती. आकडे मोजले की बोलणं सुटेल, असा माझा हिशोब. एका मजल्याला अठरा पायऱ्या. ती म्हणायची, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि मध्येच थांबायची. कठडा धरलेला, नजर वर, पापण्या किंचित फडफडतायत. आठ-दहा सेकंद. मग एकदम भानावर यायची आणि विचारायची, "आबा, किती झाले?"

मी शिस्तीचा माणूस. मी म्हणायचो, "लक्ष कुठे असतं तुझं? पुन्हा एकपासून." हे मी किती महिने केलं ते आठवलं की आजही मान खाली जाते.

फरक कळला तो आमच्या सौभाग्यवतींना. त्या म्हणाल्या, "अहो, हे लक्ष नसणं नाही. लक्ष नसलेलं मूल हाक मारली की दचकतं. हिच्या कानाशी टाळी वाजवली तरी कळत नाही."

दिल्लीत लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नातीच्या हातात एक भिरभिरं दिलं आणि म्हणाल्या, "फुंकर मार बघू, जोरात, मारत राहा." दीड-दोन मिनिटांत भिरभिरं थांबलं, नजर वर गेली, पापण्या फडफडल्या. भरभर श्वास घेतला की अशा प्रकारचा झटका बऱ्याचदा येतो, म्हणून ही तपासणी. ईईजीच्या कागदावर त्याच वेळी सेकंदाला साधारण तीन या गतीनं टोकदार लाटा उमटल्या होत्या. बाई म्हणाल्या, "कर्नलसाहेब, हाही अपस्मारच. याला ॲब्सेन्स म्हणतात. माणूस पडत नाही, हातपाय झाडत नाही, फक्त काही सेकंद हजर नसतो."

फिट येणं, आकडी, फेफरं, मिरगी हे शब्द आपण ऐकलेले असतात, आणि डोळ्यांसमोर तोंडाला फेस आलेला माणूस येतो. जिन्यावर शांत उभी राहिलेली मुलगीही त्याच आजाराची असू शकते, हे मला साठीनंतर कळलं.

बोलण्यातला उशीर आणि चालणं पाहून बाईंनी जनुकीय तपासणी करायला सांगितली. अहवालात एका जनुकाचं नाव होतं, एसएलसी-सिक्स-ए-वन. त्याच्यापुढे लिहिलं होतं, गाबा ट्रान्सपोर्टर. आयुष्यभर ट्रान्सपोर्टमध्ये काढलेल्या माणसाच्या नातीला ट्रान्सपोर्टरचाच आजार! त्या दिवशी हसावं की रडावं कळेना. पण शब्द ओळखीचा निघाला म्हणून वाचायला धीर आला. जे समजलं ते सांगतो.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना रसायनांच्या मदतीनं निरोप देतात. काही पेशी पुढच्या पेशीला म्हणतात, "चल, उठ." काही म्हणतात, "थांब." मेंदूच्या बाहेरच्या थरात या थोपवणाऱ्या पेशी साधारण पाचव्या हिश्श्याएवढ्याच असतात, पण सगळी शिस्त त्यांच्यावर चालते. त्यांचं मुख्य रसायन म्हणजे गाबा. मेंदूत ते आहे हे १९५० मध्ये अमेरिकेत युजीन रॉबर्ट्स आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे हॉर्हे अवापारा यांनी दाखवलं. गंमत म्हणजे गाबा तयार होतं ते ग्लुटामेटपासून, आणि ग्लुटामेट हे "चल, उठ" सांगणारं रसायन. एका एन्झाइमनं छोटासा बदल केला की हुकूम उलटा होतो.

हे थोपवणं बंद पडलं तर काय होतं, ते आपल्या आजी-पणजींना ठाऊक होतं. धनुर्वात. फौजेत साधी जखम झाली तरी आधी धनुर्वाताच्या सुईची चौकशी होते. त्या जंतूचं विष मज्जारज्जूतल्या थोपवणाऱ्या पेशींत शिरतं आणि त्यांच्याकडून गाबा आणि ग्लायसीन बाहेर पडूच देत नाही. स्नायूंना "थांब" म्हणणारं कुणी उरत नाही. जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. स्नायूंत ताकद भरपूर असते, पण त्यांना सोडवणारा हुकूमच पोचत नाही.

आता वाहतूक. थोपवणाऱ्या पेशीला गाबासाठी दोन प्रकारचे वाहक लागतात.

पहिला वाहक माल भरणारा. पेशीच्या टोकाला सूक्ष्म पिशव्या असतात. गाबा त्या पिशव्यांत भरल्याशिवाय बाहेर पाठवता येत नाही. हे भरण्याचं काम करणाऱ्या प्रथिनाला व्हीगॅट म्हणतात. त्याचं जनुक १९९७ मध्ये सापडलं. पिशवीत आधी एक पंप हायड्रोजनचे भारित कण कोंबून ठेवतो. ते कण बाहेर पडायला धडपडत असतात, आणि त्यांच्या बाहेर येण्याच्या जोरावर व्हीगॅट गाबाला आत ओढतं. तेच वाहक ग्लायसीनही भरतं. हे वाहक मुळीच नसलेली उंदराची पिल्लं जगत नाहीत. माल डेपोत तयार पडलेला आहे, पण गाडीत भरणारा हमाल नाही, अशी ती अवस्था.

दुसरा वाहक माल परत आणणारा. याचं नाव गॅट-वन, आणि आमच्या नातीची गोष्ट याचीच आहे. लष्करात फायरिंग रेंजवर गोळीबार संपला की एक काम असतं, ते सिनेमात कधी दाखवत नाहीत. जवान ओळीनं वाकून रिकामी खोकी वेचतात. जितक्या गोळ्या दिल्या तितकी खोकी मोजून परत यावी लागतात. हिशोब जुळेपर्यंत कुणी बरॅकमध्ये जात नाही. मेंदूतही तसंच आहे. गाबा बाहेर पडलं, समोरच्या पेशीला "थांब" म्हणून झालं, की ते तिथे पडून राहता कामा नये. गॅट-वन ते वेचून पेशीत परत आणतं. तिथे ते पुन्हा पिशवीत भरलं जातं. काही गाबा शेजारच्या आधारपेशी उचलतात.

सुटलेलं रसायन पेशी परत उचलतात ही कल्पना जूलियस ॲक्सेलरॉड यांनी नॉरॲड्रेनलिनवर काम करताना सिद्ध केली आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्याकडे काम करून गेलेले लेस्ली आयव्हर्सन यांनी मायकेल नील यांच्याबरोबर १९६८ मध्ये दाखवलं की उंदराच्या मेंदूच्या चकत्या गाबा शोषून घेतात. हे काम करणारं प्रथिन जेरुसलेमच्या बारूख कॅनर यांच्या गटानं १९८६ मध्ये मेंदूतून वेगळं काढलं आणि १९९० मध्ये त्याचं जनुक हाती लागलं.

गॅट-वन म्हणजे ५९९ अमिनो आम्लांची एक माळ. ही माळ पेशीच्या पडद्यातून बारा वेळा आरपार जाते आणि मधोमध एक खोली तयार होते. या खोलीला बाहेरचं दार आणि आतलं दार, पण दोन्ही दारं एकाच वेळी उघडत नाहीत. बाहेरचं दार उघडं असताना गाबाचा एक रेणू आत येतो. त्याच्याबरोबर सोडियमचे दोन कण आणि क्लोराइडचा एक. बाहेरचं दार मिटतं, आतलं उघडतं. पेशीबाहेर सोडियम जास्त आणि आत कमी, त्यामुळे सोडियम उतारावरून आल्यासारखा आत येतो आणि गाबाला चढावर ओढून नेतो. म्हणजे घरातलं मीठ इथेही कामाला येतं. एक गॅट-वन सेकंदाला साधारण दहाच्या आसपास फेऱ्या मारतं. हा वेग फार नाही, म्हणून प्रत्येक टोकावर असे वाहक दाटीवाटीनं बसवलेले असतात.

इथे तुम्ही विचाराल, आणि मीही डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. गाबा जर ब्रेक असेल आणि ते उचललं गेलं नाही, तर मेंदूत ब्रेक जास्त लागेल. मग झटका कसा येतो? झटका म्हणजे तर ब्रेक फेल होणं.

याचं उत्तर समजायला मला वेळ लागला. मेंदूच्या आत खोलवर थॅलॅमस नावाचा भाग आहे. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारे बहुतेक निरोप त्याच्यातून पुढे जातात. तिथल्या पेशींवर गाबा सतत साचून राहिलं की त्या नेहमीपेक्षा खोल दबतात. आणि त्या पेशींचा स्वभाव स्प्रिंगसारखा आहे. जितकं खोल दाबाल तितकी मोठी उसळी. दबल्या, उसळल्या, पुन्हा दबल्या, पुन्हा उसळल्या, आणि वरच्या थरासकट सगळ्यांची एकच लय बसते. सेकंदाला तीन वेळा. ही लय चालू असते तोवर बाहेरचा निरोप आत जात नाही. कानाशी वाजवलेली टाळी तिथेच अडते. ॲब्सेन्सच्या काही प्राण्यांमध्ये गॅट-वनचं काम बिघडून थॅलॅमसमध्ये असाच सततचा दाब तयार होतो, हे कार्डिफच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं.

घाटात ट्रक चालवलेल्या माणसाला हे पटेल. झोजीला उतरताना ब्रेक हवाच. पण ड्रायव्हरनं पाय ब्रेकवरून उचललाच नाही तर चाकं जाम होतात आणि गाडी घसरते. ब्रेक लावणं आणि वेळेवर सोडणं, दोन्ही मिळून गाडी सुरक्षित उतरते.

आणि याच कारणानं एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. गॅट-वनला मुद्दाम अडवणारं एक औषध आहे, टायगाबीन. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या झटक्यांत त्याचा उपयोग होतो, कारण तिथे गाबा थोडं जास्त वेळ राहिलेलं हवं असतं. पण ॲब्सेन्सच्या रुग्णाला तेच औषध दिलं तर झटके वाढू शकतात. आजाराचं नाव एकच, अपस्मार, पण एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. म्हणून शेजारच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देऊ नका, आणि चालू असलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. आमच्या नातीला बाईंनी वालप्रोएट दिलं. या जनुकाच्या बऱ्याच मुलांना ते लागू पडतं, तिलाही पडलं. तुमच्या मुलाचं तुमचे डॉक्टर ठरवतील.

आता फरीदाबादकडे येतो. पहिल्या अहवालात जनुकातल्या बदलापुढे शेरा होता, "महत्त्व अनिश्चित". म्हणजे एक अक्षर बदललंय हे नक्की, पण त्यानं बिघाड होतो की तो निरुपद्रवी आहे, ते ठरत नाही. प्रत्येक माणसात असे असंख्य बदल असतात. हा बदल चांगल्या धडधाकट लोकांतही सापडतो का, हे पाहिलं तर अंदाज येतो. पण पडताळायच्या याद्या मुख्यतः परदेशातल्या लोकांच्या. आपल्या जातीजमातींचे, आपल्या मुलखातले बदल त्यात फारसे नसतात.

माझ्या घरापासून गुरुग्रामकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की अरवलीच्या कडेला एक मोठा परिसर लागतो. तिथे रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी ही संस्था आहे आणि तिच्या आवारात २०२२ पासून इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर आहे. देशभरातल्या वीस संस्थांनी मिळून दहा हजार भारतीयांचे संपूर्ण जीनोम वाचले, त्या जीनोमइंडिया प्रकल्पाची माहिती तिथे ठेवली आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांसाठी खुली झाली. मी कित्येकदा त्या फाटकासमोरून गेलो होतो. आत काय आहे याची चौकशी केली नव्हती. आता त्या बाजूनं गेलो की वाटतं, हाही एक डेपोच आहे. यात साठवलेला माल कुठल्या तरी घरातला "अनिश्चित" हा शब्द पुसायला कामी येईल.

आमचा शब्द दुसऱ्या मार्गानं पुसला गेला. लेक आणि जावई दोघांचंही रक्त तपासलं. हा बदल दोघांतही नाही. तो नातीत नव्यानं झालेला आहे. या जनुकाच्या आजारात बहुतेक वेळा असंच असतं. पेशी तयार होताना अब्जावधी अक्षरांची नक्कल होते, त्यात एखादं अक्षर चुकतं. कुणाच्या वागण्यानं नाही, खाण्यानं नाही.

हे वाक्य आमच्या घरात किती मोलाचं होतं ते सांगतो. त्याआधी वर्षभर लेकीला काय काय ऐकावं लागलं होतं. गरोदर असताना ग्रहणात बाहेर गेली होतीस का? ऑफिसात रात्री उशिरापर्यंत बसायचीस ना? सांगणारी माणसं वाईट नव्हती, आपलीच होती. पण लेक रात्री स्वयंपाकघरात एकटी उभी राहून रडायची. दुसरा अहवाल आला त्या दिवशी जावईबापूंनी तो मोठ्यानं वाचला, आणि विहीणबाई उठून लेकीजवळ जाऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. नुसता हात धरला.

संशोधन कुठवर आलंय? या जनुकातले बदल अपस्माराशी जोडले गेले ते २०१५ मध्ये, म्हणजे काल-परवाच. मानवी गॅट-वनला टायगाबीन चिकटलेलं असताना त्याची रचना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२३ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अरविंद पेनमत्सा यांच्या गटानं उंदराच्या गॅट-वनची रचना मांडली आणि त्या शोधनिबंधात बारूख कॅनर यांचंही नाव आहे. त्याच्या सदतीस वर्षं आधी ज्यांच्या गटानं हे प्रथिन वेगळं काढलं, तेच. इतकी चिकाटी फौजेतही क्वचित पाहिली.

या बदलांमुळे पुष्कळदा वाहक नीट घडी न पडता पेशीच्या आतच अडकून राहतो, पडद्यापर्यंत पोचतच नाही. युरिया चक्राच्या आजारात वापरलं जाणारं फिनाइलब्युटिरेट हे जुनं औषध त्याला बाहेर यायला मदत करतं, असं पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, आणि मग मुलांवरही त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. जनुक-उपचारावरही काम चालू आहे. आम्ही वाट पाहतो, पण वाट पाहण्यात आजचा दिवस घालवत नाही. स्पीच थेरपी, व्यायाम, शाळा, सगळं चालू आहे.

शेवटचं. आमच्या एका जवळच्या नातेवाइकांनी मला फोनवर सांगितलं, "मुलीची जात आहे, चार लोकांत बोलू नका, उद्या लग्नात अडचण येईल." मी विचार केला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके ही लग्नातली अडचण म्हणून लिहिलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढून टाकला. कायद्यानं पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी पुसलेला शब्द आपण मनात कशाला जपून ठेवायचा? पुण्यात यशोदा वाकणकर यांची 'संवेदना' ही संस्था अपस्मार असलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणते. एकटं वाटत असेल त्यांनी अशा गटाकडे जरूर जावं. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे, आणि योग्य औषध मिळालं तर त्यातले सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लपवलं की औषधच मिळत नाही.

तुमच्यासमोर कुणाला मोठा झटका आला तर कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाला लावू नका, तोंडात चमचा घालू नका. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूची टोकदार वस्तू हलवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट दवाखाना. आणि वर्गात, जेवताना, खेळताना एखादं मूल काही सेकंद गप्प होऊन शून्यात बघत असेल, हाक मारूनही कळत नसेल, तर माझ्यासारखं ओरडू नका. मोबाइलवर त्याचं चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. आमच्या डॉक्टरीणबाईंना सौभाग्यवतींनी काढलेल्या तीस सेकंदांच्या चित्रणाचा फार उपयोग झाला.

नात आता सात वर्षांची आहे. आम्ही अजूनही जिन्यानंच वर येतो, फक्त आता तिचा हात माझ्या हातात असतो. बहुतेक दिवशी एक ते अठरा सलग होतात. कधी अकरावर थांबते. मी तिच्या खालच्या पायरीवर उभा राहतो, हात सोडत नाही आणि गप्प राहतो. भानावर आली की ती विचारते, "आबा, किती झाले?" मी म्हणतो, "अकरा झाले, बाळ. पुढे बारा."